लिलावातला कॉम्प्युटर

मंडळीच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘येत्या रविवारी कापणीचा सण. सर्वांनी आपापल्या परीने धान्य, फळे, भाजीपाला, अंडी, कोंबडी आणावी. कणसे शनिवारी दुपारपर्यंत देवळात पोहोचवावीत, सजावट करायची आहे.’ खाली जोडलेले हात, गव्हाच्या ओंब्या आणि एक हिरवा ट्रॅक्टर. आमच्या शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाकडंही हिरवा ट्रॅक्टर नाही, पण ग्रुपवर तो दर वर्षी येतो.

हा मेसेज आला की फेब्रुवारी आला, हे मला कळतं. एरवी दौंडात ऋतू कळत नाहीत. लग्न होऊन मी इथल्या रेल्वे कॉलनीत आले तेव्हापासून आमच्याकडं दोनच ऋतू. गाडी वेळेवर आहे आणि गाडी लेट आहे. शाळेत मुलांकडून मी सहा ऋतू घोकून घेते आणि घरी येऊन पंखा लावायचा की नाही, एवढंच बघते. पण हा मेसेज वाचला की नाकात एक वास येतो. शाळूच्या भुशाचा वास, आणि त्यात मिसळलेला कोऱ्या प्लॅस्टिकचा. नवा मदरबोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीतून बाहेर काढताना येतो ना, तो. हे दोन वास एकत्र आठवायचं कुणालाच काही कारण नाही. मला आठवतात.

कारण अशाच एका फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावानं, शमूनं, शिरूरला आमच्या पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून त्यावर एक कॉम्प्युटर जोडला. आयुष्यात पहिल्यांदा. कॉम्प्युटर सुरू झाला की शमूही सुरू होईल, असं तेव्हा आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दौंडहून शिरूरची एसटी या दिवसांत उसाच्या मागं-मागं जाते. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर मावणार नाही एवढा ऊस, आणि वर ट्रॅक्टरवाल्याची गाणी. ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत सगळी बस त्याची गाणी ऐकते. न्हावऱ्याच्या आसपास कापलेला शाळू वावरात आडवा पडलेला दिसतो, उन्हात पिवळाजर्द. शेजारची बाई कुणाशी तरी फोनवर कांद्याच्या काढणीबद्दल बोलत असते. मी खिडकीला डोकं टेकून बसते आणि मनात म्हणते, या वर्षी तरी घरी गेल्यावर पुढच्या खोलीत बघायचं नाही. आणि बघते.

शमू एका कारखान्यात तपासणीला होता. रोज कंपनीच्या बसनं जायचा. मशीनवरून पडलेला पार्ट हातात घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, ओरखडा दिसला तर लाल क्रेटमध्ये, नाही तर निळ्या. त्याचे डोळे फार चांगले होते. आई तांदूळ निवडताना त्याला शेजारी बसवायची. मग कारखान्यात कॅमेरे आले. पार्ट पट्ट्यावरून पुढं सरकतो आणि कॅमेराच ठरवतो, लाल की निळा. कंत्राटावरच्या पोरांना ‘ब्रेक’ दिला. आमच्या भागात कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात. म्हणजे आशा ठेवायला जागा राहते. शमूही म्हणाला, “ब्रेक आहे. बोलावतील.”

बोलावलं नाही. आधी तो दारात बसायचा, येणारी-जाणारी माणसं बघत. मग दारातून आत आला, खुर्चीत. मग खुर्चीतून खाटेवर. मग खाटेवर भिंतीकडं तोंड करून. माणूस असा टप्प्याटप्प्यानं आत जातो आणि घरातल्यांना प्रत्येक टप्प्याला वाटतं, आज जरा दमलाय. पुण्याच्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं, गोळ्या दिल्या. काही दिवस त्यानं घेतल्या. “त्यानं नुसती झोप येते, झोप तर मला आधीच येते,” म्हणाला आणि बंद केल्या. पाहुण्यांकडं तर औषधांची काय कमी! कुणी म्हणालं लग्न करा, कुणी म्हणालं कवठे येमाईच्या रानात कामाला लावा, घाम निघाला की सगळं निघतं. आमचं तिथं थोडंसं रान आहे, वाट्यानं दिलेलं. आई म्हणायची, “मन न्हाई लागत त्याचं. मन काय बटण हाय का, दाबलं की लागलं?”

पप्पा तेव्हा शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेला माणूस. मूल वर्गात मागं पडलं की त्याला पुढच्या बाकावर बसवायचं, हा त्यांचा एकच उपाय, आणि तो आजवर चुकला नव्हता. त्यांनी ठरवलं, शमूला लॅपटॉप घेऊन द्यायचा. त्यावर तो मशीनची ड्रॉइंग काढायला शिकेल, घरबसल्या काम करेल. ते हे आईला स्वयंपाकघरात सांगत होते. भिंतीकडं तोंड केलेला शमू खाटेवरून म्हणाला, “तयार नको. मी जोडतो.”

कितीतरी दिवसांनी घरात त्याचा आवाज ऐकू आला होता. त्यानं त्या वेळी चंद्र मागितला असता तरी पप्पांनी कुरिअरनं मागवला असता.

मग एकेक भाग यायला लागला. कुरिअरवाला स्टँडवरून फोन करायचा, “मिशन कंपाउंडच्या कुठल्या फाटकाला येऊ?” आणि शमू चपला घालून फाटकापर्यंत जायचा. फाटकापर्यंत! मी आणि आई खिडकीतून त्याची पाठ बघायचो, जणू पोरगं पहिल्यांदा शाळेला निघालंय. खोकं आलं की आई त्यावर हात ठेवून डोळे मिटायची. प्रोसेसर आला ती डबी तिच्या कुंकवाच्या... नाही, आमच्यात कुंकू नसतं, तिच्या मिसरीच्या डबीहून थोडी मोठी. “एवढ्याशात एवढं डोकं?” ती म्हणाली. शमू म्हणाला, “आई, माझ्यात तर याच्याहून मोठं आहे आणि काही उपयोग नाही.” तो विनोद होता की नव्हता, हे आम्हाला ठरवता आलं नाही. पण आम्ही हसलो, कारण तेव्हा आम्ही कशालाही हसायला तयार होतो.

कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्या पत्र्याच्या पेटीत बसतं ती, दौंडच्या मामाकडं होती. मामा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. पुढं त्यानंच माझं लग्न इथं जमवलं. त्याच्या पोरानं पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर टाकून दिला होता, त्याची पेटी माळ्यावर होती. मी आणि शमू ती आणायला गेलो. मामानं पेटी पुसून ठेवली होती आणि शमूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय रं, इंजिनियर! व्हईल ना सुरू?”

“बघू, मामा.”

“बघू न्हाई. व्हईल म्हण. सिग्नल हिरवा धरूनच चालायचं असतं.”

शमूनं पेटी उचलली. परतीच्या बसला वेळ होता म्हणून आम्ही स्टेशनच्या पुलावर जाऊन उभे राहिलो, पेटी पायाशी. खाली एका गाडीचं इंजिन सोडत होते. दौंडला काही गाड्यांचं तोंड फिरतं. पुढचं इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागं जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. जे शेपूट होतं तेच डोकं बनतं. शमू ते पूर्ण होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, डब्यांचं बरं आहे. त्यांना काहीच करावं लागत नाही.” मी म्हटलं, “चल, भजी खाऊ.” मला तेव्हा एवढंच सुचलं. आजही काही वेगळं सुचलं असतं असं नाही.

बसमध्ये कंडक्टरनं पेटीला पायानं ढोसलं. “ह्ये काय हाय? लगेज लागंल.”

“रिकामा डबा हाय, मामा. आत कायबी न्हाई,” शमू म्हणाला. माझ्याशी आणि पप्पांशी तो शाळेतल्यासारखं बोलतो, पण एसटीत चढला की एसटीसारखं.

“कायबी न्हाई तर कुठं निघालाय घिऊन?”

“भराया.”

कंडक्टर हसला. “मग भरून आणल्यावर तिकीट घेऊ. सारा पायाखाली.” आणि शमूही हसला. मोठ्यानं नाही, पण मी शेजारी होते, मला ऐकू आलं. त्या एका हसण्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

पुढच्या खोलीत चादर अंथरली गेली आणि तिच्यावरून चालायला घरातल्या सगळ्यांना बंदी झाली. पाहुणे आले तर मागच्या दारानं. बाहेर मळणीचं दिवसभर चाललेलं, सगळ्या गावावर भुसा उडत होता, म्हणून शमूनं खिडकीला आईचं ओलं लुगडं बांधलं. मोबाइलवर व्हिडिओ लावून तो बसायचा. कुठलाही भाग हातात घ्यायच्या आधी खिडकीच्या गजाला हात लावायचा. अंगातली वीज गजात गेली पाहिजे, नाही तर भाग जळतो, म्हणे. “माझ्या अंगात कसली वीज राहिलीय,” असं म्हणायचा आणि तरी हात लावायचा. प्रोसेसर बसवून त्यावरची दांडी दाबताना असा करकर आवाज झाला की मी डोळेच मिटले. “मोडल्यासारखं वाटतं ना? मोडत नाही. सगळ्यांनाच पहिल्यांदा तसं वाटतं.” मला तो धीर देत होता! मी तिथून उठून आईला सांगायला गेले.

सगळं पेटीत बसवून, स्क्रू आवळून झाले आणि कोपऱ्यात एक चपटी पत्र्याची पट्टी तशीच राहिलेली दिसली. मागच्या बाजूला आधी ती पट्टी बसवायची असते, मग बोर्ड. म्हणजे पुन्हा सगळं खोला. पप्पांनी कपाळाला हात लावला. शमू मात्र खुलला. “पहिल्यांदा जोडणारा ही पट्टी विसरतोच, पप्पा,” म्हणाला आणि शीळ घालत स्क्रू काढायला बसला. उसवायचं निघालं की तो जास्त खूष असायचा, हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा लागला.

आणि मग ते अर्थिंग. पेटीला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. आमच्या घरात तीन भोकांचे प्लग सगळीकडं होते, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच नव्हती. घर बांधणाऱ्यानं ते शोभेला ठेवलं होतं. शमूनं स्वतः शेवग्याखाली खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, खडे मीठ, पुन्हा कोळसा. वर एक पाइप. “यात रोज पाणी घालायचं, आई. ओल राहिली पाहिजे, तर वीज जमिनीत जाते.” ज्या पोराला अंघोळीला उठवायला दोन माणसं लागायची, तो कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून घामाघूम झाला होता. पप्पा ओट्यावर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. शमूनं बंद केला, रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली, दोन्ही टोकांना टक्-टक् आवाज येईपर्यंत दाबली. परत बटण. पांढरी अक्षरं आली. आई रडायला लागली. पप्पा तिथंच चादरीच्या कडेला गुडघ्यांवर आले आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. मी टाळ्या वाजवल्या, मग प्रार्थना चाललीय हे लक्षात येऊन थांबले. शमू उठला, मोरीत गेला आणि साबणानं हात धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला. सगळे इतके आनंदात होते की तो परत येऊन खाटेवर बसला, हे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. “आता?” तो म्हणाला. मला वाटलं तो पुढं काय इन्स्टॉल करायचं ते विचारतोय.

ज्यांना आमचा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कापणीच्या सणाला घरचं जे पहिलं आलेलं असेल ते देवळात आणायचं. त्याला प्रथमफळ म्हणतात. पहिली कणसं, पहिला भोपळा, पहिल्या अंड्यांवरची कोंबडी. पगारदार माणूस पहिला पगार पाकिटात घालून आणतो. उपासना झाली की देवळाबाहेर मांडवात त्याचा लिलाव. लिलाव म्हणजे गंमतच. भोपळा कुणीतरी चढ्या बोलीनं घेतो आणि “परत लावा” म्हणून टेबलावर ठेवतो. एकाच भोपळ्याला चार-चार मालक होतात. लहानपणी मला वाटायचं, देवाला भोपळा फार आवडतो.

कॉम्प्युटर सुरू झाला त्याच आठवड्यात पप्पा जेवताना म्हणाले, “शमूच्या हाताचं हे पहिलं काम आहे. देवाचंच आहे ते. सणाला द्यायचं.”

आईचा घास हातातच राहिला. “आवो, अजून पेरलं न्हाई, आन् तुम्ही खळं सारवाया निघाला. जरा त्याला वापरू तर द्या.”

“देवानं त्याला उठवलं. त्याचे आभार मानायला मुहूर्त बघायचा का? दुसरा घेऊ त्याला. काय शमू, चालेल ना?”

“चालेल की,” शमू म्हणाला. “मला काय करायचंय त्याचं?”

पप्पांनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांचे डोळे भरले. मी दुसरं ऐकलं. पण माझ्या ताटात भाकरी होती, कालवण चांगलं झालं होतं, घरात खूप दिवसांनी चौघं एकत्र जेवत होतो. मला त्या वाक्याकडं बघायचं नव्हतं.

रविवारी देवळाचे खांब कणसांनी मढवले होते. उपासनेत साक्षीची वेळ आली. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून चारचौघांत सांगायचं, ही साक्ष. पप्पा उठले. असे बोलले, असे बोलले, की उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा रुमाल शोधायला लागले. “माझा मुलगा पडला होता. बोलत नव्हता, जेवत नव्हता. आज त्यानं आपल्या हातानं यंत्र उभं केलं. माझा मुलगा उठला, मंडळी.” सगळं देऊळ शमूकडं वळून बघत होतं. तो पुढच्या बाकावर बसला होता. पप्पांनीच बसवलं होतं. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती.

मला पप्पांचा राग येतो का? येतो. आणि त्यांच्यासारखा भाबडा, चांगला माणूस मी पाहिला नाही, हेही खरं आहे. पण साक्ष ही फार अवघड गोष्ट आहे. आजारी माणूस बरा होतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. तापाला कुणी त्याबद्दल बोल लावत नाही. साक्ष दिली की मात्र पुन्हा पडायची वाट बंद होते. पडलास तर तू एकटा पडत नाहीस, बापाला खोटं पाडतोस, देवालाही पाडतोस. मी त्या दिवशी मागं बसून ‘आमेन’ म्हणाले. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं.

मांडवात टेबलावर कॉम्प्युटर ठेवला होता. एका बाजूला भोपळा, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेली पांढरी कोंबडी. आईनं त्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला होता. शमू मांडवाच्या कडेला सावलीत उभा होता आणि, मी शपथेवर सांगते, मोकळा दिसत होता. वस्तू गेली, काम संपलं, आता कुणी काही विचारणार नाही. लिलाव पुकारायला दिनकरकाका होते, मंडळीतले पंच. “बोला, आपल्या शमूच्या हातचा कॉम्प्युटर!” बोली लागायला लागली. मग काय झालं कोण जाणे, एक आजी म्हणाल्या, “लेकराचं लेकराला द्या की रं. समदे मिळून घेऊ.” आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून फिरवली. ज्यानं-त्यानं तीत पैसे घातले. लोक रडत होते, हसत होते. चार जणांनी मिळून कॉम्प्युटर उचलला आणि सावलीत उभ्या असलेल्या शमूच्या हातात दिला. “घे बाळा. देवानं तुझं तुला परत दिलं. आता चांगलं काम कर यावर.”

टाळ्या थांबेनात. इतकी माया एका जागी मी परत कधी पाहिली नाही. शमू ती पेटी छातीशी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा, काय सांगू, लांब नेऊन सोडलेलं मांजर घरी येऊन दारात आधीच बसलेलं दिसावं, तसा झाला होता. तो “थँक्यू” म्हणाला. सगळ्यांना एकेक करून म्हणाला. क्रोशाचा रुमाल त्याच्या हातावरून खाली घसरला, तो मी उचलला.

उन्हाळाभर त्यानं प्रयत्न केला. हे कुणी नाकारू नये. ड्रॉइंगचा एक कोर्स लावला, सकाळी केस विंचरून त्या खुर्चीत बसायचा. देवळातून येणारा प्रत्येक माणूस खिडकीतून डोकावायचा. “काय शमू, चाललंय का काम?” “चाललंय.” आपल्या पैशातला थोडा वाटा त्या पेटीत आहे, हे कुणाच्या मनातही नव्हतं, शमूच्या मात्र ते मनातून जात नव्हतं. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला तो एक दिवस खुर्चीतून उठून खाटेवर गेला. तोंड भिंतीकडं. त्यानंतर पुन्हा डॉक्टर झाले, दुसऱ्या गोळ्या झाल्या, एकदा काही दिवस दवाखान्यात ठेवून झालं. दुसऱ्या कारखान्यांतून दोनदा बोलावणं आलं, तो गेला आणि परत आला. माझं लग्न झालं. केसांत पांढरं आलंय आता त्याच्या. माझ्यानंतर जन्मलेला माणूस माझ्याआधी म्हातारा दिसायला लागला.

पप्पा दर सणाला देवळात जातात. लोक विचारतात, “शमू काय करतो? कॉम्प्युटरचंच ना?” पप्पा म्हणतात, “हो, चाललंय घरून.” आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका सांगितलेला माणूस. आता ते शेवटच्या बाकावर बसतात आणि साक्षीची वेळ आली की चपला नीट करायला बाहेर येतात.

आई अजून शेवग्याखालच्या पाइपात रोज पाणी घालते. कॉम्प्युटर कित्येक वर्षं सुरू झालेला नाही. मी एकदा म्हटलं, “आई, कशाला गं? काही चालू नाहीये त्याच्यावर.” ती म्हणाली, “व्हय, माहीत हाय. पर ओल ठिवाया सांगितलीया त्यानं.”

या वर्षी शनिवारी मी पोचले, आम्ही जेवलो, आणि पप्पा-आई कणसं घेऊन देवळात सजावटीला गेले. घरात मी आणि शमू. बाहेर मळणीचं चालू होतं. मी टेबलावरच्या पेटीवरचा क्रोशाचा रुमाल काढला, घडी करून ठेवला. चादर शोधली, पुढच्या खोलीत अंथरली. पेटी आडवी केली आणि बाजूचा पत्रा उघडला.

का, ते मला धड सांगता येणार नाही. एवढंच कळलं होतं, की शमू जिवंत होता तो कॉम्प्युटर अर्धवट होता तेव्हा. अर्धवट गोष्टीकडून कुणी काही मागत नाही. पूर्ण झाली, टाळ्या वाजल्या, आणि आम्ही सगळे मागायला उभे राहिलो. वाटलं, निदान घरात एक तरी गोष्ट पुन्हा अर्धवट असू दे. आशा होती का? नसावी. हातांना काहीतरी हवं होतं.

आत भुसा साचला होता, पंख्याच्या पात्यांवर तर चांगला थर. मी एकेक वायर काढली, रॅमची पट्टी काढली. मग प्रोसेसरवरचा पंखा. स्क्रू सैल केले आणि ओढायला लागले. निघेना. जोर लावला.

“सरळ ओढू नकोस. आधी थोडा फिरव.”

तो वळला नव्हता. भिंतीशीच बोलला होता. मी पंखा थोडा डावी-उजवीकडं फिरवला आणि तो अलगद हातात आला. खाली, उष्णता ओढून घ्यायला लावतात ती पेस्ट, वाळून खडू झालेली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यात एक तरी प्रश्न आला असता. थांबले, म्हटलं, आता उठेल. नाही उठला. मी पुढचा स्क्रू काढायला घेतला. तसा बराच वेळ गेला. मध्ये एकदा तो म्हणाला, “ते स्क्रू वेगळे ठेव, बारीक आहेत,” आणि मी वेगळे ठेवले.

फाटक वाजलं. पप्पा आधी आले, आई मागून. उरलेल्या कणसांची पेंढी पप्पांच्या हातात होती. दारातच थबकले. चादर, तिच्यावर ओळीनं मांडलेले भाग, उघडी पेटी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. एकदम तरुण झाले.

“शमूनं उघडला?”

मी शमूकडं पाहिलं. आता त्यानं मान वळवली होती आणि तो माझ्याकडं बघत होता. घाबरलेला होता. एक ‘हो’ म्हटलं असतं, तर उद्या सकाळी पप्पा पुढच्या बाकावर बसले असते, आणि साक्षीच्या वेळेला उठले असते. त्यांना किती दिवसांनी सुखाची झोप लागली असती आज. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता.

“नाही, पप्पा,” मी म्हटलं. “मी उघडला. धूळ काढायला.”

“बरं, बरं,” पप्पा म्हणाले. “चांगलं केलंस.” त्यांनी पेंढी दारामागं उभी केली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि पाय धुवायला मोरीकडं गेले.

खाटेवर शमूनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग तो पुन्हा भिंतीकडं वळला.